दौलतनं लोडेड फ्राईज केले त्याची गोष्ट

"...आणि पोराच्या हातचं खाऊन पोरीला पसंत पडलं ना, तर त्याच दिवशी दौलतला घेऊन—"

एवढं लीलाअक्काच्या कानावर पडलं आणि गिरणी सुरू झाली.

टेंभरवाडीची गिरणी सुरू झाली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. रांगेत पुढं उभ्या असलेल्या दोघी तोंडं हलवत होत्या, हातवारे करत होत्या. एक तर पदर तोंडाला लावून हसलीसुद्धा. अक्कानं मान पुढं काढली. डबा सरकवायचं निमित्त करून दोघींच्या मधे डोकं घातलं. काही उपयोग झाला नाही. गिरणी थांबली तेव्हा त्या लसणाच्या चटणीवर आल्या होत्या. आता विचारावं, तर चोरून ऐकत होती हे कळणार. अक्का पिठाचा डबा घेऊन घरी आली. दौलतला घेऊन काय? घेऊन कुठं?

तर असं आहे. टेंभरवाडीत एक दौलत होता, आणि तो भोळा होता. भोळी माणसं गावोगावी असतात, पण टेंभरवाडीनं आपला सगळा वाटा एकट्या दौलतला देऊन टाकला होता. सांगितलं की करणार. तक्रार नाही, कंटाळा नाही. एकदा अक्का म्हणाली, "शेजारी पूजेचं सांगून ये." शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं. दौलतनं कुलपाला सांगितलं आणि आला. वर "सहकुटुंब या" असंही म्हणाला. बरं, एकदा शिकवलेलं तो जन्मात विसरत नसे. फक्त ते आठवायचं भलत्या वेळी.

वय चौतीस. आईबाप लवकर गेले. थोरल्या बहिणीनं, म्हणजे लीलाअक्कानं, त्याला वाढवला, आणि वाढवता वाढवता तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आता दौलतचं तरी व्हावं म्हणून तिनं सात ठिकाणी पत्रिका पाठवली. सातही ठिकाणांहून परत आली. एका ठिकाणाहून तर दोन परत आल्या.

आठवं स्थळ सारिकाचं. तालुक्याच्या गावी कॉलेजसमोर तिची खाण्याची गाडी होती. मध्यस्थाचा फोन आला. "गुरुवारी पोरगी स्वतः बघायला येणार, मामाला घेऊन. कांदेपोहे करू नका. मुलानं स्वतःच्या हातानं लोडेड फ्राईज करून घालायचे. टाकोवाले. एवढीच अट."

"बरं. आणि पसंत पडले तर?" अक्कानं जरा आडून विचारलं.

"पुढचं पुढं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

अक्काचा जीव नेमका त्या पुढच्यातच अडकला होता. दौलतचं लग्न तिला हवंच होतं. पण सून घरात यावी म्हणून. दौलत घरातून जावा म्हणून नव्हे. तो गेला तर ती सकाळी उठून सांगणार कुणाला? चौतीस वर्षं जिला सांगायची सवय, तिला ऐकणारं माणूस लागतं. पण म्हणून काय पोराचं स्थळ मोडायचं? छे. अक्कानं पदर खोचला आणि मोबाईल काढला.

दोघांनी मिळून कृतीचा व्हिडिओ बघितला. बटाट्याच्या लांब काड्या करून तळायच्या. त्यावर जिरं-तिखट घातलेला राजम्याचा मसाला, त्यावर चीज, त्यावर कांदा-टोमॅटो, कोबी, दही, मिरच्या, कोथिंबीर.

"अक्का, टाको म्हणजे काय?"

"मक्याची भाकरी असते म्हणे, परदेशातली. तिच्यात हे सगळं भरतात."

"मग भाकरी कुठंय?"

"भाकरी काढून टाकली. आतलं राहिलं. ते बटाट्यावर घालायचं."

"आणि भाकरी कुणी खाल्ली?"

"तू व्हिडिओ बघ," अक्का म्हणाली.

गुरुवार उजाडला. अक्कानं राजमा शिजायला लावला आणि दौलतला समोर बसवून आधी बोलायचं शिकवलं. "हे बघ दौल्या. मुलीकडच्यांनी काही विचारलं तर लगेच होय म्हणायचं नाही. हलकेपणा दिसतो. 'विचार करून कळवतो' म्हणायचं. सगळी चांगली घरं तसंच म्हणतात."

"विचार कधी करायचा?"

"करायचा नसतो. नुसतं म्हणायचं."

"बरं."

मग बटाटे. दौलतनं बटाटे सोलले, बोटाएवढ्या काड्या केल्या. हात मात्र त्याचा फार छान चालायचा. एकीपेक्षा दुसरी लांब नाही. अक्का म्हणाली, "आता ह्या गार पाण्यात टाक, अर्धा तास. गार पाण्यात राहिलं की कुरकुरीत होतं."

दौलतनं टाकल्या. अक्का खूश झाली. "शाबास. आता ते उडदाचे पापड काढून ठेव. पाहुण्यांपुढं ठेवायला होतील. कुरकुरीत असले पाहिजेत हं."

दौलतनं पापड काढले. बादली भरली. एकेक पापड आत सोडला.

अर्ध्या तासानं अक्का बघते, तर बादलीत पापडांची पेज.

"दौल्या! हे काय केलंस?"

"गार पाण्यात ठेवले. अजून कुरकुरीत झाले नाहीत. कमी पडलं का पाणी?"

अक्कानं कपाळाला हात लावला. "अरे पापड ही चपटी, पातळ वस्तू. चपट्या-पातळ वस्तूला पाणी दाखवायचं नाही. थेट जाळावर धरायची, चिमट्यानं, उलटसुलट. कळलं?"

"चपटी, पातळ. थेट जाळावर. कळलं."

अक्का कांदा चिरायला बसली. तेवढ्यात जळका वास आला. दौलत गॅसपाशी उभा होता. उजव्या हातात चिमटा, चिमट्यात चीजचा चौकोनी पिवळा काप. काप चपटा होता, पातळही होता. निम्मा चिमट्यात होता, निम्मा बर्नरमध्ये गेला होता. आधीचे पाच पूर्ण गेले होते.

"हे पापड नीट फुगत नाहीत, अक्का," दौलत म्हणाला. "गळतात."

"अरे देवा, मऊ वस्तू जाळावर धरतात का? मऊ वस्तू फ्रीजमध्ये घालायची, दार लावायचं, अर्धा तास उघडायचं नाही. घट्ट झाली की किसायची!"

"मऊ. फ्रीज. अर्धा तास. किसायची," दौलतनं बोटं मोजली. नशीब, चीजचा एक ठोकळा शिल्लक होता. तो त्यानं फ्रीजमध्ये ठेवला आणि दाराला हात लावून उभा राहिला, कुणी उघडू नये म्हणून.

अक्कानं सुरीच्या टोकानं बर्नर उकरला, पुसला, पेटवला आणि कढईत तेल तापत ठेवलं. बटाट्याच्या काड्या फडक्यावर कोरड्या करून दौलतनं तळायला घेतल्या. ती शेजारी उभी. "आता नीट ऐक. ह्यातच सगळी मेख आहे. पहिल्यांदा आत घालायच्या, जरा वेळानं बाहेर काढायच्या. दहा मिनिटं निवू द्यायच्या. मग परत आत. दोनदा केल्याशिवाय चव येत नाही."

"दोनदा," दौलत म्हणाला. पहिला घाणा त्यानं काढला. रंग अगदी हवा तसा. अक्काला पहिल्यांदाच वाटलं, जमतंय बरं का!

आणि दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. तीन चाकांचा छोटा टेम्पो, मागं मोकळा हौदा. चालवत होती स्वतः सारिका. ठेंगणी, सावळी, ओढणीची गाठ कमरेला मारलेली. शेजारी तिचे गुलाबमामा. मामा देहानं भारी, डोक्याला मलमलीचा गुलाबी फेटा, गालात तंबाखू, आणि कुठल्याही गोष्टीवर नाराज व्हायची तयारी घरूनच करून आलेले.

अक्काचे हात राजम्यात होते. ती आतूनच ओरडली, "दौल्या, पाहुण्यांना आत घे, बसव!"

दौलतनं आत घेतलं. बसवलं. नमस्कार केला. अक्कानं हुश्श केलं. राजम्यात मीठ घातलं, चव बघितली, हात धुतले आणि बाहेर आली. बाहेरच्या खोलीत कुणीच नाही. खिडकीतून बघते तर मामा आणि सारिका अंगणात, उन्हात, शेवग्याच्या झाडाखाली उभे. दौलत दारात, हातात घड्याळ.

"अरे! पाहुणे बाहेर कशाला?"

"एकदा आत घेतले होते. बाहेर काढले. निवतायत," दौलत म्हणाला. "सात मिनिटं झाली. तीन राहिली."

"अहो, आम्ही काय भजी आहोत का?" मामा तिथून ओरडले.

सारिकानं ओढणी तोंडाला लावली होती. हसू आवरून तिनं विचारलं, "दोनदा तळताय?"

"होय," दौलत म्हणाला.

"पहिल्या घाण्यानंतर किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"बरोबर आहे," सारिका म्हणाली, आणि उरलेली तीन मिनिटं मामांचा दंड धरून उन्हात उभी राहिली.

अक्कानं पाहुण्यांची दहा वेळा माफी मागितली, आत आणलं, सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि दौलतला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "पाहुण्याला उठवतात का कधी? पाहुणा एकदा बसला की त्याला जागचा हलू द्यायचा नाही! मानाचा असतो तो."

"बसला की हलू द्यायचा नाही," दौलत म्हणाला आणि बाहेर गेला.

मामांच्या गालात तंबाखू होती. ती आता थुंकायला हवी होती. मामा उठू लागले. दौलतनं खांदे दाबून त्यांना खाली बसवलं. मामांनी बोटानं तोंड दाखवलं, मग दार दाखवलं. दौलतनं मान हलवली आणि आणखी जोरात दाबलं. मामांचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले. ते एका बाजूनं उठायला गेले तर दौलत त्या बाजूला. दुसऱ्या बाजूनं गेले तर तिथंही दौलत.

"बसा हो मामा," दौलत प्रेमानं म्हणाला. "मानाचे आहात तुम्ही."

मामांनी तंबाखू गिळली.

मग उचकी सुरू झाली. साधी नव्हे, एकेका उचकीला सतरंजीचं टोक उडायचं. अक्का साखर घेऊन धावली, सारिका पाठीवरून हात फिरवू लागली. मामांना दरदरून घाम फुटला. त्यांनी फेटा काढून दौलतच्या हातात दिला. "हा... उक्... नीट ठेवा... उक्... कुठंतरी."

दौलतनं फेटा हातात घेतला. दाबून बघितला. मऊ होता.

अक्का पाहुण्यांशी बोलण्यात अर्धा तास गुंतली. हवापाणी झालं, पिकपाणी झालं, उचकीवरचे उपाय झाले. मामा आता दर वाक्यामागं "चल सारिका, निघू" म्हणत होते, आणि सारिका "खाऊन जाऊ की" म्हणत होती. आतून दुसऱ्या घाण्याचा आवाज येत होता, वास तर फारच चांगला येत होता. अक्काला धीर आला. चीज किसून झालं असेल का, म्हणून ती आत डोकावली.

दौलत पाट घेऊन बसला होता. पुढं परात. परातीत किसणी. किसणीवर गुलाबी फेटा.

"दौल्या!"

"अर्धा तास झाला गं. दार उघडलं नाही मी. पण हा काही घट्ट होत नाही. तरी घेतला किसायला."

अक्कानं फेटा हिसकावला. वेळेवर पोचली होती. एका टोकाची तेवढी दशी निघाली होती. तिनं ते टोक आत दुमडलं, घडी घातली, चेहरा सरळ केला आणि मामांच्या हातात फेटा नेऊन दिला. मामांनी तो डोक्याला गुंडाळला. अर्धा तास फ्रीजमधला फेटा! मामांनी एक लांब श्वास आत ओढला, आणि उचकी थांबली ती थांबलीच.

"काय केलंत ह्याला?" मामांनी विचारलं.

"घरगुती उपाय आहे," अक्का म्हणाली.

एवढ्यात दौलत ताटं घेऊन आला. अक्कानं बघितलं आणि तिला रडू येतंय की हसू, हे तिचं तिलाच कळेना. लहानपणी तिनंच त्याला पान वाढायला शिकवलं होतं. तसंच वाढलं होतं त्यानं. ताटात वर मधोमध मिठाच्या जागी किसलेलं चीज. त्याच्या डावीकडं लिंबाची फोड, मग मिरच्या, मग चटणीच्या जागी दही, कोशिंबिरीच्या जागी कांदा-टोमॅटो. उजवीकडं भाजीच्या जागी फ्राईज. वाटीत राजमा. मधे मोकळी जागा.

"इथं भात येणार आहे का?" मामांनी विचारलं.

अक्कानं ताटं उचलली, दौलतला आत घेतलं. "अरे लोडेड म्हणजे लादलेलं! एकावर एक. थरावर थर. खालचं दिसता कामा नये. आणि सगळ्यात वर हिरवं काहीतरी."

"खालचं दिसता कामा नये. वर हिरवं," दौलत म्हणाला. त्यानं खाली फ्राईज पसरले, त्यावर गरम राजमा, राजम्यावर चीज, चीज वितळतंय तोवर कांदा-टोमॅटो, कोबी, वरून दह्याची धार, मिरचीच्या चकत्या, कोथिंबीर. एक काडी दिसत नव्हती. दोन थाळ्या त्यानं पाहुण्यांपुढं ठेवल्या, तिसरी घेऊन स्वतः मामांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि पहिला घास तोंडात टाकला.

अक्कानं त्याला बखोटीला धरून उठवला. दाराआड नेऊन कानात म्हणाली, "यजमानानं पाहुण्यांच्या आधी टेकायचं नसतं! सगळ्यांचं आटोपू दे. ते आपापल्या जागेवरनं उठले की मग आपण टेकायचं. तोवर उभं राहायचं."

"तोवर उभा," दौलत म्हणाला आणि उभा राहिला.

सारिकानं एक काडी उचलली. कानापाशी नेऊन मोडली. कट्ट वाजली. तिनं मामांकडं बघितलं. मामा बघत नव्हते. मामा खात होते. त्यांची थाळी निम्मी झाली होती आणि मिशीला दही लागलं होतं. 

"थोडं लिंबू मिळेल का?" सारिकानं विचारलं.

दौलत ताठ झाला. "विचार करून कळवतो."

सारिकाचा हात हवेतच राहिला. मामा म्हणाले, "मला पाणी द्या हो जरा. मिरची लागलीय."

"विचार करून कळवतो."

"अहो, घसा जळतोय!"

"हो. पण लगेच होय म्हटलं की हलकेपणा दिसतो," दौलत म्हणाला.

अक्का लिंबू आणि तांब्या घेऊन धावली. मग पुन्हा दाराआड. आता तिचा आवाज घोगरा झाला होता. "दौल्या, माझ्या राजा, पाहुण्यानं मागितलं की विचार करायचा नाही. लगेच द्यायचं. एक मागितलं तर दोन द्यायचे. त्याला आग्रह म्हणतात. माणूस 'नको नको' म्हणतो, ते तोंडानं. मनातनं त्याला हवंच असतं. ऐकायचं नाही. द्यायचंच."

"एक मागितलं तर दोन. नको म्हटलं तरी द्यायचंच."

"हां!"

मामांनी आणखी थोडे फ्राईज मागितले. दोन थाळ्या आल्या. मामा "पुरे, पुरे" म्हणाले. आणखी एक आली. मामांनी थाळीवर हात आडवे धरले, तर दौलतनं हातांवर वाढलं. पण आश्चर्य असं, की मामांनी तेही खाल्लं. भिंतीला टेकून त्यांनी ढेकर दिला आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.

सारिकानं हात पुसले. "अक्का, मला हे पसंत आहेत."

अक्काला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोण? फ्राईज?"

"फ्राईज आहेतच. पण मी ह्यांचं म्हणतेय." सारिका सरळच बोलणारी होती. "गाडीवर चार माणसं ठेवली आजवर. जो तो आपली अक्कल चालवतो. मी म्हणते दोनदा तळा, एकदाच तळतात. दहा मिनिटं निवू द्या म्हटलं तर दोन मिनिटांत परत कढईत. ह्यांनी तर माणसंसुद्धा घड्याळ लावून निववली. असा माणूस मला कुठं मिळायचा?"

"अगं, सांगितलेलंच करतो, तीच तर पंचाईत आहे!" मामा म्हणाले.

"मग नीट सांगायचं, मामा." तिनं अक्काकडं बघितलं. "एक मात्र आहे. मला हे तिकडं हवेत. मामा-मामींकडं राहतील, गाडीवर काम शिकतील, लग्न मे महिन्यात करू. तुम्ही हो म्हणालात तर आजच घेऊन जाते."

हेच ते. गिरणीच्या आवाजात बुडालेलं वाक्य आता सतरंजीवर येऊन बसलं होतं. अक्कानं थाळ्या गोळा करायला घेतल्या. एकात एक घातल्या, परत वेगळ्या केल्या, परत घातल्या. मग खाली मान घालून म्हणाली, "जा घेऊन, बाई. त्याचं चांगलं होतंय तर मी कशाला आडवी येऊ?" आणि पदरानं थाळी पुसू लागली. थाळी कोरडीच होती.

सारिका दौलतकडं वळली. "ऐकलंत ना? अक्कांकडं मी तुम्हाला मागितलंय. येताय?"

दौलतनं आठवलं. मागितलं की विचार नाही. लगेच. आणि एक मागितलं तर...

"देतो की," दौलत म्हणाला. "मी आणि अक्का."



"अरे मला कशाला? नको, नको!" अक्का म्हणाली.

"नको म्हणतीय," दौलतनं पाहुण्यांना समजावून सांगितलं. "ते तोंडानं असतं."

सारिका अक्काकडं बघतच राहिली. अक्काचं नाक लाल झालं होतं. "अक्का, खरंच या की," सारिका म्हणाली. "मामींना सोबत होईल. आणि ह्यांना तुमच्याइतकं सांगायला मला जमायचं नाही." मामांनीही मान डोलवली. मामांच्या मनात अजून अक्काचा राजमा होता.

अक्का आणखी दोनदा नको म्हणाली. पण पाहुणा जसा म्हणतो, तशीच म्हणाली.

"मग टेम्पोत भरा काय न्यायचं ते," असं म्हणून सारिका मामांना हात धुवायला घेऊन मागच्या मोरीकडं गेली. भरा म्हटल्यावर दौलत कामाला लागला. पहिल्यांदा त्यानं अक्काला उचलून हौद्यात बसवली. शेजारी बटाट्याचं पोतं. मग आतून गादी आणली. "दौल्या, अरे, डोक्यावर नको," अक्का म्हणाली. नको म्हटलं होतं, म्हणून दौलतनं आणखी एक गादी आणली. मग खाट, आडवी. खाटेवर पाट, सतरंजी, खुर्ची, दुसरी खुर्ची, वेताचा मोडा, स्टूल. चारी बाजूंनी फिरून त्यानं बघितलं. एका फटीतून अक्काचं लुगडं दिसत होतं. त्यानं तिथं उशी खुपसली. आता खालचं काही दिसत नव्हतं. मग तो अंगणात गेला, तुळशीची कुंडी उचलून आणली आणि सगळ्यात वर ठेवली.

सारिका आली. "बापरे! एवढं सामान? बरं, अंधार व्हायच्या आत पोचू." ती चालवायला बसली. मामा शेजारी. "मागं बसा हो!" तिनं ओरडून सांगितलं आणि गाडी सुरू केली. "बसलात का?"

"बसलो गं बाई, चल आता!" गाद्यांखालून अक्काचा आवाज आला.

टेम्पो निघाला.

अक्काला काही दिसत नव्हतं, पण वारा लागत होता आणि कोपराला बाजूनं काहीतरी उबदार, गच्च टेकलं होतं. तिचं मन भरून आलं. ती बोलू लागली. "दौल्या, फार चांगलं केलंस रे. आज पहिल्यांदा तू न सांगता काहीतरी बरोबर केलंस. म्हणजे सांगितलं होतं, पण असं नव्हतं सांगितलं. तिकडं गेलास की तिचं ऐकायचं. तिचं ऐकून झालं की माझं ऐकायचं. उलट बोलायचं नाही." बाजूनं उलट काही आलं नाही. अक्काला फार समाधान वाटलं. ओढा गेला, साखर कारखाना गेला, तालुक्याचं गाव आलं, अक्का बोलतच होती. आयुष्यात दौलतनं तिचं इतकं शांतपणे कधी ऐकून घेतलं नव्हतं.

मामांच्या दारात टेम्पो थांबला. मामी ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आल्या. मामांनी कुंडी उतरवली, खुर्च्या उतरवल्या, खाट उतरवली. सारिकानं दुसरी गादी ओढली आणि अक्का डोळे चोळत उजेडात आली.

"अक्का, हे कुठंयत?"

"हा काय, माझ्या बाजू..." अक्कानं बाजूला बघितलं.

बटाट्याचं पोतं होतं.

टेंभरवाडीत तोवर गिरणीवर बातमी पुरी होऊन घरोघर पोचली होती, की मुलीकडचे दौलतला घेऊन गेले. घेऊन गेले, एवढं अगदी खरं होतं.

अक्काचा मोबाईल वाजला. दौलत होता.

"अक्का, पाहुणे उठले का जागेवरनं?"

"उठले! अरे, तू कुठं आहेस?"

"घरी. उभा आहे. पाहुणे गाडीत बसले तेव्हापासून उभाच आहे. तू उठलीस?"

"उठले रे, माझ्या बाबा, उठले!"

"मग मी आता टेकतो," दौलत म्हणाला. जरा वेळ फोनमधून नुसती पावलं ऐकू आली, ह्या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून अंगणात. मग परत त्याचा आवाज आला. "पण अक्का, कशावर?"